बाळंतपणाची भीती आणि मनाची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काम केलं. आता सहावा-सातवा महिना लागलेल्या बायकांसोबत दर शनिवारी दुपारी बसते. एक सतरंजी, दोन लोड, एक कापडी बाहुली आणि लोकरीची विणलेली गर्भपिशवी, एवढंच सामान. खालचे प्रश्न तिथेच आलेले आहेत. बहुतेक सगळे निघता निघता, चपला घालताना, हळू आवाजात विचारलेले. औषधपाण्याचा सल्ला तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. इथे मी मनाबद्दल बोलणार आहे.

मला बाळंतपणाची फार भीती वाटते. माझंच काही चुकतंय का?

काही चुकत नाही. पहिलटकरणीला माहीत नसतं म्हणून भीती वाटते, दुसऱ्या खेपेच्या बाईला माहीत असतं म्हणून वाटते. मी फक्त एक विचारते, भीती नेमकी कशाची? कारण "बाळंतपणाची भीती" असं एक गाठोडं असतं. ते सोडलं की आतून वेगवेगळ्या गोष्टी निघतात. कुणाला टाक्यांची, कुणाला परक्या माणसांसमोर कपडे काढायची, कुणाला सिस्टर ओरडतील याची. बाळाला काही होईल, मी वाचणार नाही, हेही निघतं. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असलेली, पण कुणीच पटकन न सांगणारी एक भीती म्हणजे जोर लावताना संडास होईल की काय.

त्या शेवटच्या भीतीचं उत्तर सगळ्यात सोपं. हो, पुष्कळ जणींना होते. बाळाचं डोकं खाली येताना गुदाशयावर दाब पडतो, म्हणून होते. सिस्टर गॉजने पुसते, पॅड बदलते आणि पुढच्या कामाला लागते. कुणाला झाली, कुणाला नाही, हे मला एकीचंही आठवत नाही. हे सांगितलं की वर्गात आधी हशा पिकतो आणि मग खांदे खाली येतात.

"मी वाचणार नाही" या भीतीला मात्र हसून चालत नाही. तिच्यासोबत बसून फाइल उघडायची. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) किती, बीपी किती, बाळ आडवं की डोक्याने खाली, वार कुठे आहे, रक्त लागलं तर कुठून आणायचं ठरलंय, हे डॉक्टरांना एकेक करून विचारायचं. वहीवर लिहिलेल्या उत्तरांनी जो धीर येतो, तो "काही होत नाही गं" या शब्दांनी येत नाही.

घाबरलं की कळा थांबतात म्हणतात. खरं आहे का?

काही अंशी. कळा आणणारं ऑक्सिटोसिन शरीरात तयार होतं ते निवांत, ओळखीच्या वातावरणात जास्त चांगलं. भीतीने ॲड्रिनलिन वाढतं आणि ते या कामाच्या आड येऊ शकतं. घरी पाच-पाच मिनिटांनी येणाऱ्या कळा दवाखान्याची पायरी चढल्यावर लांबलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत. बाई खोलीला सरावली, कुणी पाठीवर हात ठेवला, दिवा जरा मंद केला, की पुन्हा लयीत येतात. शिवाय घाबरलेलं अंग आवळून धरलेलं असतं. दात ओठ, मुठी, मांड्या सगळं घट्ट. त्यात दुखणं जास्त जाणवतं.

पण याचा उलटा अर्थ कुणी काढू नका. "घाबरली म्हणून अडली" हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी मला त्याचा राग आलाय. बाळाच्या डोक्याची दिशा, गर्भपिशवीचं तोंड, बाळाचे ठोके, अशी पन्नास कारणं असतात. अडलेल्या बाळंतपणाचा दोष बाईच्या स्वभावावर टाकायचा नसतो.

सिस्टर, नॉर्मल होईल ना?

हा प्रश्न दर शनिवारी येतो आणि मी कधीच "हो" म्हणत नाही. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे चारातलं एक बाळ सिझरने जन्मतं. देशभर पाहिलं तर सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि खासगीत ४७ टक्क्यांच्या. म्हणजे यातलं बरंच काही बाईच्या हातात नसतं. तुमचा धीर "नॉर्मलच होणार" या खुंटीला टांगला, तर खुंटी निघाली की धीरही खाली पडतो. तेव्हा स्वतःला दुसरं काहीतरी सांगा: काय चाललंय ते मला समजेल, मी विचारीन, आणि माझ्याजवळ कुणीतरी असेल. हे तिन्ही नॉर्मलमध्येही लागतं आणि सिझरमध्येही.

कळा नेमक्या कशा असतात? कुणी नीट सांगतच नाही.

कळ लाटेसारखी येते. आधी पाठीत किंवा ओटीपोटात आवळल्यासारखं होतं, पोट दगडासारखं घट्ट लागतं, दुखणं चढतं, टोकाला जातं आणि ओसरतं. जोरात असतानाही एक कळ साधारण ४० ते ६० सेकंदांची असते. दहा मिनिटांत तीन कळा धरल्या तर तासात अठरा. म्हणजे तासातली फार तर अठरा मिनिटं कळ आणि उरलेला वेळ मोकळा. काही जणींची पाठ मधल्या वेळातही ठणकत राहते हे खरं, पण बहुतेकींना मधे खरोखर उसंत मिळते. मी बायकांना दोन कळांच्या मधे घोरताना पाहिलंय.

वेळेचं गणित मात्र सिनेमाने फार बिघडवलंय. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या बारीक कळा दिवसभर, कधी त्याहून जास्तही चालतात. पिशवीचं तोंड १० सेंटिमीटर उघडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरला आहे आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात असं म्हटलंय. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही, हेही त्यात आहे. त्यामुळे पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बोटांनी तपासून सिस्टर "अजून दोनच बोटं" म्हणाली, तर त्याचा अर्थ तुम्ही नापास झालात असा घेऊ नका.

आणि एक क्षण आधीच सांगून ठेवते. आठ सेंटिमीटरच्या पुढे कधीतरी बाईचे पाय थरथरतात, उलटी होते, घाम फुटतो, आणि ती म्हणते, "मला नाही जमणार, मला घरी न्या, पोट फाडा पण सोडवा." एक मुलगी तर टेबलावरून उतरून चप्पल शोधायला लागली होती. पुष्कळदा हा क्षण बाळ अगदी जवळ आल्याचा असतो. ज्यांना हे आधी सांगितलेलं असतं त्यांनाही तेव्हा तसंच वाटतं, पण सोबतीला बसलेल्या बाईला आठवतं आणि ती म्हणते, "सिस्टरांनी सांगितलेलं ना, हेच ते." त्या वेळी तेवढं पुरतं.

श्वासाचे व्यायाम खरंच उपयोगाचे आहेत का?

दुखणं जात नाही. पण दुखत असताना करायला काहीतरी मिळतं, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. कळ सुरू झाली की नाकाने सावकाश श्वास घ्या आणि तोंडाने फुंकर घालत, घेतला त्याहून हळू सोडा. गरम चहावर फुंकर घालतो तशी. लक्ष सोडण्यावर ठेवा, घेणं आपोआप होतं. सोडताना जबडा आणि खांदे सैल. एका कळेला असे सात-आठ श्वास पुरतात. "सहावा श्वास आला म्हणजे कळ उतरणीला लागली" हे बायका स्वतःच शोधून काढतात.

भराभर धापा टाकू नका. त्याने चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात आणि बाई आणखी घाबरते. सराव सातव्या महिन्यापासून, रोज झोपताना पाच मिनिटं. बर्फाचा खडा मुठीत धरून एक मिनिट श्वास घ्यायचा खेळ आम्ही वर्गात करतो. गार चटका बसत असताना श्वास कसा अडकतो ते तिथेच कळतं.

लेबर रूममध्ये माझ्यासोबत कुणी राहू शकतं का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण राहू द्यावी असं कळवलं आहे. सोबतीण म्हणजे नात्यातली बाई, शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं आहे अशी. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावं आणि डॉक्टर-सिस्टरांच्या कामात आड येऊ नये, एवढ्या अटी. जिथे प्रत्येकीला पुरेसा आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही थांबू देता येतं. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या 'लक्ष्य' या सरकारी कार्यक्रमातही सन्मानाची वागणूक आणि सोबतीण या गोष्टी धरल्या आहेत.

हे लाड म्हणून दिलेलं नाही. २६ अभ्यासांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या नोंदींचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीभर ज्यांच्याजवळ कुणीतरी सतत होतं, त्यांच्यात आपोआप प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त, सिझरचं कमी, कळांचा काळ थोडा कमी आणि "वाईट अनुभव आला" म्हणणाऱ्याही कमी आढळल्या.

प्रत्यक्षात काय होतं? मोठ्या वॉर्डात एकाच पडद्याआड तीन टेबलं असतात आणि सिस्टर म्हणतात, "बाहेर थांबा." म्हणून सातव्या महिन्यातच, तपासणीला गेल्यावर शांतपणे विचारून ठेवा: "माझी आई आत थांबेल, चालेल ना?" खासगी दवाखान्यातही विचारा, नियम प्रत्येकाचे वेगळे असतात. ऐन वेळी दारात भांडण करून मिळणाऱ्या परवानगीचा बाईला उपयोग होत नाही.

आई आत येणार आहे. तिने तिथे नेमकं काय करायचं?

कोण येणार यापेक्षा ती कशी वागेल हे महत्त्वाचं. लेकीला कळ आली की आईच्याच डोळ्यांना धार लागते, असंही होतं. मग मामी, मोठी जाऊ, थोरली बहीण, कुणीही चालेल. सासूबाईही उत्तम सोबतीण होऊ शकतात, मी पाहिल्या आहेत. निवड मात्र गरोदर बाईची.

कामं साधी आहेत. पाणी किंवा सरबत घोटघोट पाजणं, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेव्हा. केस मागे बांधणं. दर थोड्या वेळाने लघवीला घेऊन जाणं, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या वाटेत येते. चालवणं, कुशीवर वळवणं. कळ आली की माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने घट्ट दाबून धरणं. चोळायचं नाही, दाबायचं, आणि ती म्हणेल तेवढंच. पाठीच्या कळांना याचा फार आराम पडतो. हे घरी एकदा करून बघा, म्हणजे जागा सापडते.

बोलायचं थोडं. "झालं, ही गेली." "तुझा श्वास छान चाललाय." मोबाइल बंद. गावच्या अमकीचं काय झालं होतं ते तिथे सांगायचं नाही.

नवऱ्याला यात काय करता येईल?

वर्गाला या. बाहेर ताटकळत बसलेल्या माणसाला आत काय चाललंय हे माहीत असेल, तर तो दर दहा मिनिटांनी सिस्टरला हटकत नाही आणि घरच्यांच्या फोनांना शांतपणे उत्तर देतो. गाडी, पैसे, कागदपत्रं, रक्तगटाचा दाता हे आठव्या महिन्यातच ठरवा.

सगळ्या जणी आपापल्या बाळंतपणाच्या भयंकर गोष्टी सांगतात. काय करू?

डोहाळजेवणाला ओटी भरायला आलेली बाई ओटीसोबत एक गोष्टही घालून जाते. तिचा हेतू वाईट नसतो. तिचं कधी कुणी ऐकून घेतलेलं नसतं, आणि तुमचं पोट बघून तिला ते आठवतं. पण ते ऐकायचं काम आत्ता तुमचं नाही. "मावशी, बाळ झाल्यावर निवांत ऐकेन हं" एवढं म्हणून विषय बदला. मोबाइलवरच्या व्हिडिओंनाही हाच नियम.

पहिलं बाळंतपण माहेरी करू की सासरी?

जिथे तुम्हाला मोकळेपणी रडता येईल तिथे. पण जिथे जाणार तिथल्या दवाखान्यात एक-दोन तपासण्या आधीच करा, फाइल सोबत न्या आणि शक्य झालं तर लेबर रूम डोळ्यांनी बघून या. टेबल कसं आहे, बाथरूम कुठे, बाळ कुठे ठेवतात. पाहिलेल्या खोलीची भीती निम्मी होते. गडचिरोलीसारख्या दुर्गम भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असतं, तिथे दिवस भरत आले की काही दिवस आधी येऊन राहता येतं, आशाताईला विचारा.

दवाखान्यात ओरडतात, मांडीवर चापट मारतात असं ऐकलंय. तसं झालं तर?

ते चूक आहे, आणि होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दवाखान्यात मी स्वतः पाहिलं: जेमतेम एकोणीस वर्षांची मुलगी, लोखंडी कठडा धरून ओरडत होती आणि एक जण तिला म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस ते?" मी गप्प बसले. नवीन होते, पण त्याने ते क्षम्य होत नाही. त्या मुलीने त्यानंतर आवाज काढला नाही, आणि काही दुखतंय-खुपतंय हेही सांगितलं नाही. लेबर रूममध्ये गप्प झालेली बाई ही धोक्याची गोष्ट असते.

सोबतीण असली की असं बोलणं बरंच कमी होतं. तुम्ही स्वतः आत गेल्यावर सिस्टरचं नाव विचारा, आपलं सांगा. "मी घाबरलेय, तपासायच्या आधी सांगाल का?" हे वाक्य पाठ करून ठेवा. काय करताय, कशासाठी करताय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तरीही वाईट वागणूक मिळालीच, तर घरी आल्यावर लेखी तक्रार करा, सरकारी असो वा खासगी.

वेदना कमी करायचं इंजेक्शन घेतलं तर मी कमी पडले असं होईल का?

अजिबात नाही. एपिड्युरलची, म्हणजे पाठीत देतात त्या वेदना कमी करणाऱ्या इंजेक्शनची, सोय असेल आणि तुम्हाला हवं असेल तर आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठेवा. दात काढताना भूल घेतो तेव्हा कुणी कमी पडत नाही.

आणि सिझर झालं तर?

तर तुमचं सिझर झालं. तुमची आई, तुमचं बाळ आणि तुमची पाठ यांना ते माहीत आहे, बाकीच्यांनी "अरे, नॉर्मल नाही झालं?" म्हणायची गरज नाही. ज्यांना आधीपासून सिझरची माहिती असते त्या लवकर सावरतात, म्हणून ती माहितीही वर्गात देते: कमरेतून भूल, समोर पडदा, ओढल्यासारखं जाणवतं पण दुखत नाही, थंडी वाजून दात वाजतात. बाळ लगेच दाखवा, जमेल तितक्या लवकर छातीवर द्या, हे आधी सांगून ठेवता येतं. सरकारी दवाखान्यात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं आणि जेवण मोफत आहे, त्यामुळे पैशाची धास्ती तरी मनातून काढता येईल.

गर्भसंस्काराचे महागडे वर्ग लावावेत का?

शांत बसणं, गाणी ऐकणं, पोटावर हात ठेवून बाळाशी बोलणं यातून तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा. बाळ पोटात असतानाच आवाज ऐकायला लागतं. पण अमुक मंत्राने हुशार बाळ होतं, असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर घरी जा. आणि "आईच्या मनात वाईट विचार आले की बाळावर परिणाम होतो" असं धमकावणाऱ्यांपासून लांब राहा. घाबरलेल्या बाईला घाबरण्याचीही भीती घालायची, याहून मोठा अन्याय नाही.

मला पहिली मुलगी आहे. सगळे म्हणतात, या वेळी मुलगाच हवा.

हे दडपण घेऊन कळा द्यायला येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बाळ बाहेर आल्यावर त्या बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकत नाहीत, आमच्या तोंडाकडे बघतात. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, बाईचा त्यात काही हात नाही. गर्भलिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरात जो एक माणूस तुमच्या बाजूने उभा राहील त्याला आधीच गाठा आणि दवाखान्यात बाळाला पहिल्यांदा हातात घ्यायला त्यालाच उभं करा.

आधीचं बाळ गेलंय. या वेळी मला आनंद होतच नाही, फक्त भीती वाटते.

ताई, त्या बाळाचं नाव असेल तर ते घ्या. त्याबद्दल बोलल्याने या बाळाला अपशकुन होत नाही. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, जुनी फाइल दाखवा आणि विचारा, तेव्हा काय झालं होतं, या वेळी काय वेगळं करणार आहात. ज्या आठवड्यात ते घडलं तो आठवडा जवळ आला की मन बिथरतं. त्या दिवसांत एकट्या राहू नका, तपासणीची तारीख त्याच सुमारास मागून घ्या. आनंद झाला नाही तरी बाळ वाढत असतं. तो मागाहून येतो, कधी बाळ हातात आल्यावर पुष्कळ दिवसांनी येतो.

भीती किती झाली म्हणजे डॉक्टरांना सांगायचं?

रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडून श्वास कोंडतो, तपासणीला जायचंच टाळलं जातंय, सारखं रडू येतं, किंवा बाळंतपण नको म्हणून गर्भच नको वाटतो, अशा वेळी थांबू नका. बाळंतपणाच्या अशा पराकोटीच्या भीतीला टोकोफोबिया असं नावही आहे आणि समुपदेशनाने ती पुष्कळ कमी होते. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

बाळ झाल्यावर सारखं रडू येतं म्हणतात, ते काय?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दूध उतरतं त्याच सुमाराला, बहुतेकींना कारण नसताना रडू येतं. दहा-बारा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत राहिलं, बाळाकडे बघवत नाही किंवा बाळाला काही करून बसेन असं वाटलं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, शेक, डिंकाचे लाडू सगळं असतं. "तुला कसं वाटतंय" हे विचारणारं माणूसही असू द्या.

मी सासू आहे. सून घाबरलीय. तिला काय बोलू?

हा प्रश्न विचारलात त्यातच अर्धं काम झालं. "आम्ही शेतात बाळंत झालो" हे बोलू नका, खरं असलं तरी. "तुला कशाची भीती वाटते?" विचारा आणि ती बोलत असताना भाजी निवडत बसा, डोळ्याला डोळा नसला की बायका जास्त बोलतात. दवाखान्यात बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण काढून घ्यायला सांगतात तेव्हा अनेकजणी तिथेच पहिल्यांदा रडतात. ते दागिने तुम्ही पदरात घ्या, गाठ मारा आणि "मी इथंच आहे" म्हणा. मग चहालासुद्धा जाऊ नका.